सैल केलेला मुंढा

आमचे साडू शिंपी. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का मात्र मास्तरांना काहीच म्हणत नाही. नुसतं "ऐकलं का" म्हणते, आणि ते ऐकतात.

या माणसाचं निम्मं आयुष्य तोंडात टाचण्या धरून गेलं. टाचण्या असताना ते जे बोलतात ते अक्काशिवाय कोणालाही कळत नाही, पण गिऱ्हाईक मान डोलावतं. कमरेचं माप घेण्याआधी ते टाचण्या काढतात आणि एखादा विनोद सांगतात. कारण मागे एका गृहस्थांनी मापाच्या वेळी पोट आत ओढून धरलं होतं, आणि तो कोट त्यांना पुढे श्वास रोखल्याशिवाय घालताच आला नाही. माणूस हसला की पोट खरं सांगतं, असा मास्तरांचा अनुभव. तेच विनोद, तीच गिऱ्हाइकं, तरी पोटं हलतात.

त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर कायम अंगुस्तान असतं. अंगुस्तान म्हणजे जाड कापडातून सुई ढकलण्यासाठी बोटावर घालायची धातूची टोपी. हे अंगुस्तान त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादांचं. दादांनीच त्यांना हातात सुई धरायला शिकवलं. त्या दादांच्या काखेत एक गाठ निघाली, ती मुकाट्याने वाढत गेली, आणि दादा गेले. मास्तरांनी अंगुस्तान बोटावर घातलं ते घातलंच. जेवतानासुद्धा ते चमच्यावर टक टक वाजायचं. अक्का म्हणायची, "घरात दुसरं घड्याळ नको."

आता मूळ गोष्टीवर येतो.

कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या दुकानापुढे कॅनव्हासचं छत होतं. ते वाऱ्याने फाटलं. ते ती मास्तरांकडे घेऊन आली तेव्हा त्यावर चिखल होता, पाखरांची घाण होती, घडीत कुजलेल्या पाकळ्या होत्या. मास्तर म्हणाले, "बाई, मी कोट शिवतो." ती म्हणाली, "शिवणार नसाल तर तसं सांगा, मी खिळे मारते." कापडात खिळे मारायची भाषा मास्तरांना सहन होत नाही. त्यांनी छत ठेवून घेतलं.

मशीनची सुई त्यातून जाईना, म्हणून हाताने शिवायला बसले. दादांच्या अंगुस्तानाचा शेंडा इतकी वर्षं सुया ढकलून कागदासारखा पातळ झाला होता. एका टाक्याला जोर लावला, तर सुई पुढे जायच्या ऐवजी तिचं नेढ्याकडचं टोक अंगुस्तानातून आरपार बोटात गेलं. मास्तरांनी काय करावं? आधी शेजारी पसरलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उडालं का ते पाहिलं. नव्हतं उडालं. मग बोट चोखलं, अंगुस्तान पुन्हा चढवलं आणि टाका पुरा केला. संध्याकाळपर्यंत ते ही गोष्ट विसरलेही होते. शिंप्याने टोचलेल्या सुया लक्षात ठेवायच्या म्हटल्या तर कापड कधी शिवायचं?

मी दुपारचा चहा त्यांच्या दुकानात घेतो. घरी चहा मिळत नाही असं नाही, पण तिथे बातम्या ताज्या असतात. छत शिवून काही दिवस झाले असतील, मी गेलो तर मास्तर डाव्या हाताने इस्त्री करत होते. अंगावर शाल होती, बाहेर लोक घामाने निथळत होते. मी म्हटलं, "थंडी वाजते?" त्यांनी नुसती शाल आवळून घेतली. तोंडात टाचण्याही नव्हत्या.

थोड्या वेळाने त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि म्हणाले, "आत या."

आत म्हणजे कपडे घालून बघायच्या खोलीत. ती खोली एका माणसापुरती आहे, तोही बारीक असला तर. आम्ही दोघं म्हातारे त्या आरशापुढे छातीला छाती लावून उभे राहिलो. त्यांनी पडदा ओढला, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि माझा हात धरून आपल्या उजव्या काखेत नेला.

"लागतंय?"

लागलं. कातडीखाली गोटीसारखं काहीतरी होतं. मी दाबलं तसे ते कळवळले. आरशात बघितलं तर त्यांच्यापेक्षा माझा चेहरा पांढरा.

"दादाला इथेच होती," ते म्हणाले.

"पण ही दुखतेय ना? दादांची दुखत नव्हती, असंच म्हणायचे सगळे."

"दादाने आयुष्यात कधी सांगितलं होतं, दुखतंय म्हणून?"

मी हात बाहेर काढला.

"अक्काला एक शब्द कळता कामा नये," मास्तर म्हणाले. "कळला, तर तुमच्या कोटाला बाह्या लागणार नाहीत."

माझा कोट तिथेच खुंटीवर टांगलेला होता, बिनबाह्यांचा. धमकी खरी होती, पण ती देताना ते सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत लावत होते.

मी घरी आलो. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "चहा कडू होता." तिने एकदा बघितलं आणि पुढे विचारलं नाही. तिचं न विचारणं फार जड असतं.

आमच्या गावच्या शाळेत भिंतीवर माणसाच्या शरीराचा एक तक्ता होता. त्यात हृदय होतं, फुप्फुसं होती, आतड्यांची वेटोळी होती. त्या तक्त्यासमोर मी कितीतरी वेळा शिक्षा म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे तो मला पाठ. काखेत त्यात काही काढलेलं नव्हतं. म्हणून मी मनाशी हाच हिशेब मांडत बसलो, की जिथे काही नसायला हवं तिथे काही आलं म्हणजे ते वाईटच. शाळा अर्धी शिकली की असं होतं. जे तक्त्यावर नाही ते जगात नाही असं वाटतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मास्तरांचा ताप चढायचा, उतरायचा. मी रोज म्हणायचो, "डॉक्टरकडे चला." ते म्हणायचे, "डॉक्टरकडे गेलं की ते नाव ऐकावं लागेल." ही गोष्ट अक्कापासून लपवायची, हिच्यापासून लपवायची, आणि समोर बसून चहा प्यायचा.

मग एका सकाळी अक्काच आमच्या घरी आली. काखोटीला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आमची ही आत काम करत होती. अक्काने टेबलावर पुडकं सोडलं, आतून मास्तरांचा एक सदरा काढला आणि उलटा करून पसरला.

"भावजी, हा मुंढा बघा."

मुंढा म्हणजे सदऱ्याला बाही जिथे जोडतात ते काखेखालून फिरणारं भोक. मला त्यातलं काय कळतंय. मी बघितल्यासारखं केलं.

"उजवा उसवून सैल केलाय. डावा आहे तसा आहे. धुवायला घेतला तेव्हा हाताला लागलं. या माणसाने जन्मात दोन मुंढे वेगळे शिवलेले नाहीत. कपाट उघडून बघितलं, सगळ्या सदऱ्यांचं तेच." ती खुर्चीवर बसली. "काय आहे त्यांच्या काखेत?"

मी कोटाच्या बाह्यांचा विचार केला. मग तोही सुचेनासा झाला.

"राहू दे," अक्का म्हणाली. "तुमच्या तोंडावर छापलंय." तिने सदरा घडी घातला, उलगडला, पुन्हा घडी घातला. "दादांचे सदरे शेवटी मीच सैल करून दिले होते. आधी थोडे, मग आणखी थोडे. शिवणीत सोडायला कापड उरलं नव्हतं."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. ही दारात उभी होती. म्हणजे तिलाही कळलं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

अक्काने दुकानात जाऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. बहुतेक "ऐकलं का" एवढंच. दुपारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या बाकावर बसलो होतो.

दवाखाना औषधांच्या दुकानाच्या मागे. एक पंखा, एक वजनकाटा, आणि खोकणाऱ्या लोकांची रांग. मास्तर मध्ये, आम्ही दोघं दोन्ही बाजूंना, म्हणजे उठून पळाले तर धरता यावं. आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मास्तरांनी आत शिरताच त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरकडे बघून चेहरा वाकडा केला, तेव्हा मला जरा धीर आला. अजून माणूस शाबूत होता.

सदरा काढायला ते लाजले. नुसती वरची बटणं सोडली. बाईंनी आत हात घालून गाठ चाचपली, डाव्या काखेत बघितलं, गळ्याला बघितलं. कधीपासून आहे, ताप येतो का, वजन उतरलंय का, सगळं विचारलं. मास्तरांनी दादांची हकीकत सांगितली. बाईंनी ती मध्ये न तोडता ऐकली.

मग त्यांनी विचारलं, "या हाताला कुठे जखम झाली होती? काही लागलं, कापलं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"आठवून सांगा."

"बाई, आम्ही काय कुऱ्हाड चालवतो? शिंप्याला कसली आलीय जखम."

बाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. रक्त तपासू, म्हणाल्या, आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासावा लागेल. तुकडा म्हटल्यावर मास्तरांनी आधारासाठी टेबलाची कड धरली. टक्‌, असा आवाज झाला.

"ते बोटात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"अंगुस्तान."

"काढा बघू."

"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे? कधीपासून?"

"फुलवालीचं छत शिवलं तेव्हापासून. जरा आवळून बसलंय. बोट ठणकतं, पण ते चालायचंच."

अक्का हळूच म्हणाली, "ऐकलं का, बाईंनी आत्ता विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

मास्तर खरोखर बुचकळ्यात पडले. "त्यांनी जखम विचारली. सुई टोचली का, असं कुठे विचारलं?"

आणि त्यात लबाडी काही नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. सुताराला भुसा दिसत नाही, तसं शिंप्याला सुईचं भोक दिसत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. अंगुस्तान घातलेलं बोट बघायची आम्हाला इतकी सवय, की अंगुस्तानाच्या आत बोट असतं हेच विसरलो होतो.

बाईंनी कात्रीसारखं एक जाड अवजार काढलं. मास्तरांनी हात मागे घेतला. "कापू नका. दादाचं आहे."

"दादा गेले," अक्का म्हणाली. "बोट आहे अजून."

त्यांनी हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. धातू कापला गेला. आतलं बोट बघून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. शेंडा सुजून तट्ट झालेला, आत पिवळं साठलेलं. बाईंनी बाहीचं बटण सोडलं तर लाली मनगटाकडे सरकलेली. त्यांनी बोट बधिर केलं आणि पू काढायला घेतला.

तेवढ्यात अक्का एकदम म्हणाली, "म्हणजे हे अवधाण आहे?"

बाईंनी मान वर केली. "माझी आजी हाच शब्द वापरायची."

अहो, अवधाण कोणाला माहीत नाही? लहानपणी अनवाणी हिंडायचो, पायात काटा मोडायचा, पाय पिकायचा आणि जांघेत गाठ यायची. अवधाण आलंय म्हणायचे आणि सोडून द्यायचे. माझ्या वर्गात असा एक पोरगा नसेल ज्याला ते आलं नाही. तो शब्द माझ्या डोक्यात सगळा वेळ होता. पण भीतीने आधीच दादांची गाठ तिथे आणून बसवली होती, तिच्यामागे शब्द दडून राहिला.

मास्तरांचं बोटाकडे लक्ष जाऊ नये म्हणून असेल, बाई हात चालवता चालवता बोलत राहिल्या. "सुईबरोबर जंतू आत गेले. कातडीखाली राखणीला काही पेशी कायम बसलेल्याच असतात. त्या जंतूंना गिळायला लागतात, आणि हाकाही मारतात. हाक पोचली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून बोट लाल आणि गरम. त्यांच्या भिंतींतून पाणी आणि आणखी पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, म्हणून सूज. हा पू दिसतोय ना, त्यात मेलेले जंतू आहेत, तशा तुमच्याच मेलेल्या पेशीही आहेत."

"माझ्याच?" मास्तरांनी मान वळवून बघितलं.

"तुमच्याच. आणि ताप जंतू आणत नाहीत. त्या हाका मेंदूपर्यंत जातात आणि मेंदूच अंग तापवतो. जंतूंना ते मानवत नाही."

"मग काखेत काय चाललंय?"

"तिथे नमुना गेला. बोटातल्या काही पेशी जंतूचा तुकडा उचलून काखेतल्या गाठीत नेतात. तिथे या गाठी सगळ्यांच्याच असतात, एरवी हाताला लागत नाहीत. त्यांच्यात नाना तऱ्हेच्या पेशी बसलेल्या. प्रत्येकीला एकाच आकाराची ओळख. हा तुकडा एकेकीला दाखवायचा, कोणाशी जुळतो ते बघायचं."

मास्तर जरा सरळ बसले. "गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येतं आणि आम्ही रिळांच्या कपाटापुढे उभे राहून रंग जुळवतो, तसं."

"तसंच. आणि रंग जुळला की?"

"त्या रंगाची रिळं आणखी मागवायची."

"इथे बाहेरून मागवत नाहीत. जी जुळली तीच दुभंगत जाते, एकीच्या अनेक होतात. गाठ फुगते ती या गर्दीने. त्यातल्या काही मग त्या जंतूला बरोबर चिकटणारी प्रतिपिंडं तयार करून रक्तात सोडतात."

"आणि काम झाल्यावर?"

"बऱ्याचशा मरून जातात. थोड्या आठवणीला उरतात."

"मापाचे कागद जपून ठेवतो आम्ही," मास्तर म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक आलं की माप घ्यावं लागत नाही."

"सगळ्याच जंतूंची आठवण इतकी पक्की राहत नाही, मास्तर. तेव्हा पुन्हा टोचून खात्री करू नका. आणि पेशी लढतायत म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत. हा पू त्यांच्याच्याने आवरत नव्हता, मला काढावा लागला."

मला तर वाटलं, उठून त्या शाळेत जावं आणि तक्त्यावर काखेत एक गोल काढावा.

पण बाईंनी पट्टी बांधून झाल्यावर जे सांगितलं त्याने आमचा आनंद खाली बसला. "बोटामुळेच गाठ आली असं मला वाटतं. दुखरी आहे, लवकर आली, तापाबरोबर आली. पण तुमच्या भावाचं ऐकल्यावर मी नुसत्या वाटण्यावर सोडणार नाही. बोट बरं झालं की गाठ हळूहळू विरायला हवी. नाही विरली तर तुकडा काढून तपासायचा. तेव्हा मागे सरायचं नाही."

मास्तरांनी मान डोलावली, त्यांची गिऱ्हाइकं डोलावतात तशी.

ताप लवकर गेला. बोटाची सूज उतरली, नवी कातडी धरली. गाठ मात्र होती. मास्तर दुकान उघडून बसायचे आणि सुई हातात घ्यायचे नाहीत. मी गेलो की पडदा ओढायचे. "कालच्यापेक्षा लहान आहे?"

"हो."

"तुम्ही काल पण हो म्हणालात."

"कालही लहान होती."

"तुमचा काय भरवसा. तुम्हाला बाह्या हव्यात."

शेवटी अक्काने आम्हा दोघांनाही हात लावायची बंदी केली. दर सकाळी ती स्वतः चाचपायची आणि बटणांचा डबा उघडून गाठीएवढं बटण निवडून दुकानाला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या खिडकीत ठेवायची. पहिलं होतं ओव्हरकोटाचं. मग कोटाचं आलं. मग पुढे कोटाचंच. रोज सकाळी मी रस्त्यावरून आधी त्या खिडकीकडे बघायचो, आणि कोटाचंच बटण. एकदा मी गेलो तेव्हा ती कपाटापुढे उभी होती आणि सदऱ्यांच्या शिवणीत सोडायला किती कापड आहे ते चिमटीत धरून बघत होती. मी खोकलो तसं तिने कपाट लावलं.

बाईंनी पुन्हा बोलावलं होतं तो दिवस जवळ आला. मास्तरांनी मोठ्या दवाखान्यात जायला पिशवी भरून ठेवली. जायच्या दिवशी सकाळी मी खिडकीकडे बघितलं तर बटणच नाही. वाटलं, अक्काने आशा सोडली.

दार उघडंच होतं. अक्का खुर्चीवर बसली होती, तिच्या मुठीत बटण होतं. मूठ उघडून दाखवली. सदऱ्याचं, कॉलरवर लावतात ते बारीक.

"हेही गाठीपेक्षा मोठं पडतंय," ती म्हणाली. "मी दोनदा चाचपलं. मला वाटलं माझ्याच बोटांना काही झालं." आणि मग ती रडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाही शोधायला वेळ लागला. तुकडा काढायची गरज नाही, म्हणाल्या. पुन्हा वाढली तर मात्र त्याच दिवशी यायचं, आणि टोचलेली सुई ही जखमच असते.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. मास्तर मांडीवर सदरा घेऊन बसले होते, उजव्या मुंढ्याचे टाके उसवून तो आत घेत होते. शेजारी बाकीच्या सदऱ्यांचा ढीग. बोटावर नवं, चकचकीत अंगुस्तान. दादांचं कापलेलं अंगुस्तान भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं.

"माझ्या बाह्या?" मी म्हटलं.

"आधी हे होऊ दे."

थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. त्यांनी डाव्या हाताचं बोट उजेडात धरलं. सवयीने तोंडाकडे नेलं, मध्येच थांबवलं, आणि आतल्या दाराकडे बघून, एखादी लाजिरवाणी गोष्ट कबूल करावी तसे म्हणाले, "अगं, सुई टोचलीय."

अक्का हातातलं टाकून आली. साबण आणि पाण्याचं भांडं घेऊन आली. मास्तर बोट पुढे करून बसले, आणि ती धूत असताना मान लांबवून सदऱ्यावर डाग पडला का ते बघत राहिले.